करंगळीएवढी धार

गीझरने टक-टक-टक असा आवाज केला, आता पेटतोच अशा थाटात, आणि गप्प बसला.

भागवत प्लंबरने नळ बंद करून पुन्हा सोडला. पुन्हा टक-टक-टक, पुन्हा शांतता. मागच्या अंगणाच्या भिंतीवर तो पांढरा, नवाकोरा डबा टांगलेला होता. खाली लाल सिलिंडर, वर पाण्याचा पाइप, सगळं जिथल्या तिथे. त्याच्या काचेच्या छोट्या खिडकीत निळी ज्योत तेवढी दिसत नव्हती. न्हाणीतल्या नळाला पाणी येत होतं, पण ते डिसेंबरातलं, हाताला झोंबणारं.

"सेल डाऊन असतील," भागवत म्हणाला.

"आत्ताच नवे घातले ना तुम्ही?" गंधालीने विचारलं.

"नवे बी डाऊन राहतात ताई. दुकानात पडून पडून."

गंधालीने कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरे सेल आणले. काही फरक पडला नाही. मग भागवतने सिलिंडरचं रेग्युलेटर काढून पुन्हा बसवलं. पाइप उलटा जोडला गेलाय का ते बघितलं, तसंही नव्हतं. तेवढ्यात फोन आला म्हणून तो अंगणाच्या टोकाला गेला आणि कुणाला तरी "निघालोच, रस्त्यातच हाय," असं ठणकावून सांगून परत आला.

"ताई, पीस खराब हाय."

"काल तुम्हीच म्हणालात, एक नंबर पीस आहे."

"पीस एक नंबरच हाय. पण खराब निघाला."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, डाव्या पायावर भार न देता. "मी म्हणलं होतं, टाकीवाला घे," ती म्हणाली.

"आई, आता पुन्हा तेच नको."

"न्हाई बोलत. चहा टाकते."

टाकीवाला म्हणजे आधीचा, बाबांनी लावलेला. बाबा श्रावणात गेले आणि दिवाळीच्या तोंडावर तो गीझर तळाशी गंजून गळायला लागला. तेव्हापासून आई रोज पहाटे गॅसवर पातेलं चढवायची आणि ते उकळतं पाणी दोन्ही हातांनी सांभाळत स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत न्यायची. कुणाला काही बोलली नाही. एक दिवस न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडला आणि पातेल्यातलं पाणी पावलावर सांडलं. मुलांना हे कळलं तेसुद्धा शेजारच्या नसरीनचाचीने फोन केला म्हणून.

हैदराबादहून अपूर्वने एका फोनमध्ये निकाल देऊन टाकला. आई आता जालन्यात एकटी राहणार नाही. आईचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "मला इथंच राहायचंय," आणि तेवढं सांगून ती त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. तिच्या वाटचं भांडण गंधालीने केलं. आईचं काही बिघडलेलं नाही, गरम पाण्याचं बिघडलंय, हे ती भावाला तऱ्हातऱ्हांनी सांगत राहिली. शेवटी तो म्हणाला, "बरं. रविवारी सकाळी मी येतोय. तोवर आईला पातेलं उचलावं लागणार नाही असं करून दाखव. नाहीतर तिची बॅग भरून ठेव."

गंधाली पुण्याहून रजा काढून आली. कुठलीही गोष्ट करायची तर आधी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढायचं, ही तिची शाळेपासूनची खोड. बाबा गेल्यावर ती जास्तच वाचायला लागली होती. वाचताना कुणी कसं आहेस म्हणून विचारत नाही. तर तिने गीझर वाचून काढले. इथलं पाणी जड, टाकीत साठून राहिलं की क्षार धरतात आणि तळ जातो. पहाटे वीज गेली तर सगळंच राहिलं. बिनटाकीचा गॅस गीझर पाणी साठवतच नाही. नळ सोडला की पेटतो, बंद केला की विझतो. न्हाणीबाहेर मोकळ्या हवेत लावला की जिवाला घोर नाही. आईला बटणसुद्धा दाबायला नको. शिवाय नसरीनचाचीकडे तसाच एक कधीपासून बिनतक्रार चालू होता.

हे सगळं तिने आईला समजावून सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "टाकीवाला घे. त्याला धार कशी बी चालती."

गंधालीने ते ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

चहा पिऊन झाल्यावर भागवतने नवीन निदान काढलं. "प्रेशर कमी पडून राह्यलंय. टाकी उंच करा लागंल."

"किती उंच?"

"जेवढी होईल तेवढी. गवंडी बघा, विटांचे चार थर चढवा, वर टाकी ठेवा. मंग बघा कसा भडकतो."

"तुम्ही वर जाऊन बघितलं का टाकी किती उंच आहे ते?"

"जिना न्हाई जमत मला. पाठ हाय." त्याने कमरेला हात लावून दाखवला. सिलिंडर मघाशी त्याने एका हाताने फिरवत आणला होता. "पण अंदाज हाय ना ताई. इतक्या वर्षांचं काम हाय."

तो गेला. गंधाली भिंतीवरच्या डब्याकडे बघत उभी राहिली. गवंडी, विटा, सिमेंट, टाकी रिकामी करायची, आणि ती पुन्हा भरायला नगरपालिकेचं पाणी यायला अजून आठवडा तरी होता. रविवार तीन दिवसांवर. तिने रागाने नळ सोडला. टक-टक-टक.

"सेल संपतील," आतून आई म्हणाली.

शुक्रवारी तिने कंपनीच्या नंबरावर फोन लावला. मराठीसाठी एक दाबा. तिने एक दाबलं आणि पलीकडच्या माणसाने हिंदीत नाव विचारलं. मग गाव. मग पुन्हा नाव. मग त्याने तिला नळ सोडायला सांगितला, तिने सोडला आणि फोन गीझरजवळ धरला.

"मॅडम, आवाज तो आ रहा है।"

"आवाजच येतोय. बाकी काही येत नाही."

माणूस पाठवतो म्हणाले, मंगळवारी. रविवारच्या आधी जमणार नाही का, यावर त्याने तिला थोडा वेळ संगीत ऐकवलं आणि मंगळवार हाच दिवस कायम केला.

दुपारी अपूर्वचा फोन. "झालं?"

"होतंय."

"ताई, हट्टाला पेटू नकोस. आईला इकडे काय कमी आहे? नळ फिरवला की गरम पाणी."

"इथेही तेच होणार आहे."

"कधी?"

तिने फोन ठेवला. हट्टाला पेटू नकोस म्हणे. इथे पेटायचं ते पेटत नव्हतं.

संध्याकाळी आईची आंघोळ राहिलीच होती. पातेलं चढवू द्यायचं नाही असं गंधालीने ठरवलेलं, आणि गार पाण्याने आंघोळ करते असं आईने. पायावरची नवी कातडी अजून गुलाबी होती. या दोघींच्या ठरवाठरवीत दिवस मावळला. गंधाली शेवटचा प्रयत्न म्हणून न्हाणीत गेली आणि नळाखाली बादली ठेवून तो फिरवला, फिरवत राहिली, पुढे फिरेना तोवर.

नळाला पाणी येत होतं ते करंगळीएवढं.

ती त्या धारेकडे बघत राहिली. लहानपणापासून या घरात धार एवढीच. 'करंगळीपेक्षा जाड धार सोडायची नाही,' हा बाबांचा नियम. ब्रश करताना, भांडी घासताना, हात धुताना. टँकरमागे धावलेल्या गावात तसा नियम घराघरांत होता, त्यांच्याकडे तो जरा जास्तच पाळला जायचा. पुण्याला वसतिगृहात पहिल्या दिवशी तिने नळ सोडला तेव्हा पाणी अंगावर उसळलं होतं. नळ बिघडलाय असं वाटून ती तक्रार करायला गेली होती आणि मुली हसल्या होत्या. पण आता नळ पूर्ण सोडलेला होता. नियम पाळायला इथे बाबा नव्हते, तिने तो पाळलेला नव्हता, तरी धार तेवढीच.

"आई, हा नळ पूर्ण सोडला तरी एवढंच पाणी?"

"एवढंच तर येतं पहिल्यापासून," आई बाहेरून म्हणाली, जरा जास्तच पटकन.

गंधालीने बादली उचलली. "नसरीनचाचीकडून पाणी आणते."

नसरीनचाचीच्या मागच्या अंगणातही अगदी तसाच पांढरा डबा होता. चाचीने नळ सोडला मात्र, आत भप्प करून ज्योत उठली आणि बादलीत वाफाळतं पाणी धो-धो कोसळायला लागलं. गंधाली एक पाऊल मागे सरली.

"हात नको घालू बेटा, भाजून घेशील. आमिनाने घातला होता मागे." आमिना म्हणजे चाचीची नात. "तुमचा अजून न्हाई पेटला?"

"प्रेशर कमी आहे म्हणतो भागवत. टाकी उंच करा म्हणतो."

चाचीने भुवया वर केल्या. "उंच? ते बघ ना. तुमची टाकी आणि आमची टाकी, बराबर एका उंचीची. एकाच मिस्त्रीने केलंय दोन्ही घरांचं." मग बादलीकडे बघत, सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तुझ्या बाबांना मी किती वेळा म्हटलं, गजाननभाई, पाणी जपायचं तर जपा, पण बिचाऱ्या पाइपाचा गळा कशाला दाबून ठेवता. नुसते हसायचे."

गंधालीने वर बघितलं. संध्याकाळच्या उजेडात दोन गच्च्यांवर दोन काळ्या टाक्या शेजारी शेजारी, एकसारख्या बसल्या होत्या.

तिने बादली आईसमोर ठेवली आणि जिना चढून गेली.

टाकीच्या बुडाशी, जिथून पाइप खाली घरात उतरतो, तिथे पितळी चाकाचा व्हॉल्व होता. ते चाक दोऱ्याने पाइपाला बांधून टाकलेलं होतं, कुणी फिरवू नये म्हणून. दोरा कधीकाळी पांढरा असावा, आता तो धुळीच्या रंगाचा झाला होता. तो कुठला हे तिला हात न लावता कळलं. बाबा एमआयडीसीतल्या बियाणांच्या कारखान्यात होते. पोती शिवायच्या दोऱ्याचं एक रीळ त्यांच्याकडे कायम असायचं आणि घरातलं जे जे निसटेल, लोंबेल, हलेल ते ते त्या दोऱ्याने बांधलं जायचं. कॅलेंडर, पडद्याची दांडी, त्यांच्या चष्म्याची काडी. वेढे एकमेकांना चिकटून, नीट, जसे कारखान्यात पोत्याला घालतात. शेवटी चपटी गाठ, आणि दोऱ्याचं टोक आत खोचलेलं. टोक लोंबलेलं त्यांना चालायचं नाही.

तिने गाठीवर बोट ठेवलं. मग बोट काढून घेतलं आणि बऱ्याच वेळाने खाली आली.

आई आंघोळ करून मेथी निवडत बसली होती.

"वरचा व्हॉल्व बांधलेला आहे," गंधाली म्हणाली.

"हं."

"तुला माहीत होतं."

"टँकरच्या साली बांधला ह्यांनी. आवळत आणला आणि बारीक धार उरली तिथं बांधला." आई मेथीच्या काडीची पानं खुडत राहिली. "मंग पाऊस झाला, पाणी आलं. म्हणलं, सोडा आता. तर म्हणले राहू दे, सवय झाली."

"मग मला सांगितलं का नाहीस? तो भागवत, ते सेल, कंपनीवाले. मी एक-एक करून सगळ्या दुनियेला फोन लावत होते आणि तू इथे बसून चहा टाकत होतीस."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सोडला असता."

गंधाली ओट्याला टेकून उभी राहिली. आईने निवडलेली पानं एका बाजूला सारली, पुन्हा दुसरीकडे सारली.

"आई, नीट ऐक. रविवारी अपूर्व येणार. तो तुला घेऊन जाईल, त्याच्या बाराव्या मजल्यावर. तिथे टाकी कुठे आहे तेसुद्धा दिसणार नाही. तू तिथे राहशील आणि तो दोरा इथे राहील. चालेल तुला?"

"बोल की. अजून बोल."

"झालं बोलून."

"मला वाटलं," आई म्हणाली, "तू एवढं वाचून आणलंस तर एवढ्याशा धारेला बी चालंल."

गंधाली बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. वर आपण गाठीला हात लावून परत आलो, हे तिने आईला सांगितलं नव्हतं. एवढी तावातावाने भांडली, पण तो दोरा तिच्याच्यानेही सोडवला नव्हता. कात्री एकदा चालवली असती तर काम झालं असतं. अपूर्वच्या येण्याआधी, भागवतच्या विटांआधी, जेवणाच्याही आधी. त्या रात्री दोघी जेवल्या, मेथीची भाजी चांगली झाल्याचं गंधालीने सांगितलं, आणि गीझरचं नाव कुणी काढलं नाही.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा आईची गादी गुंडाळलेली होती. स्वयंपाकघरात पातेलं फळीवरच होतं. न्हाणी कोरडी. जिन्याचं दार मात्र उघडं.

आई गच्चीवर टाकीजवळ पालथ्या बादलीवर बसली होती, डोक्यावरून शाल, हातात केसातली पिन. पिनेचं टोक ती गाठीत घालून हळूहळू उकलत होती. दुखऱ्या पायाने जिना चढली होती, कठड्याला धरून, एक-एक पायरी थांबत. अशा वेळी खाली चल म्हणून काही उपयोग नसतो हे गंधालीला ठाऊक होतं.

"कात्री आणू?"

"कशाला. सुटून राह्यली."

गंधाली शेजारी उकिडवी बसली. गाठ काही सुटत नव्हती. आईने पिन बाजूला ठेवली, नखाने एक वेढा वर ओढला आणि तो वेढा तिच्या बोटांतच तुटला. मग दुसरा. मग सगळेच. बाहेरून दोरा दिसत होता तेवढाच, आत सगळा भुगा झालेला. उन्हाने, पावसाने, कधीचाच.

आईने तो भुगा तळहातावर घेऊन बघितला. "हा तर कवाच गेल्ता," ती म्हणाली. "काहीच धरून न्हाई ठेवलेलं ह्याने."

गाठ तेवढी शाबूत निघाली, चिंचोक्याएवढी. ती तिने पदराच्या टोकात घेतली आणि पदर कमरेला खोचला.

आता चाक फिरवायचं. गंधालीने फिरवलं. ते हललं नाही. ओढणी गुंडाळून फिरवलं, तरी नाही. दोरा सुटला आणि चाक अडकलं, इतक्या वर्षांच्या क्षारांनी ते जागच्या जागी धरून ठेवलं होतं. गंधालीने संतापून चाकावर एक फटका मारला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, भागवत बोलून राह्यलो. विटा टाकू का दुपारून?"

"नको."

"गवंडी रिकामा हाय आज. उद्या न्हाई भेटणार."

"नको म्हटलं ना, भागवत."

"बघा बाबा. मंग मला म्हणू नका."

तिने फोन बंद केला. आई चाकाकडे बघत होती. "ह्यांचा पाना आण," ती म्हणाली. "जिन्याखाली, पत्र्याच्या डब्यात. मोठा आण, लाल मुठीचा."

पान्याच्या मुठीलाही दोरा गुंडाळलेला होता, हात घसरू नये म्हणून. तो मात्र जशाच्या तसा, घट्ट, हाताच्या मळाने काळसर झालेला. गंधालीने मूठ धरली. आईने तिच्या हातांवर हात ठेवला आणि दोघींनी जोर केला. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा चाकाने कर्कश आवाज केला आणि जरासं सरकलं. मग अजून जरासं. पाइपात कुठेतरी धाडकन काही आदळलं, खालून घरातून घुमल्यासारखा आवाज आला आणि पाणी धावायला लागलं.

आई दचकली. "अगं बाई, किती मोठ्यानं."

"एवढंच असतं आई. सगळीकडे एवढंच असतं."

खाली आल्यावर गंधालीने गीझरचा नळ सोडला. टक-टक, आणि भप्प. काचेच्या खिडकीत निळी ज्योत उभी राहिली. तिला वाटलं होतं आनंद होईल. तिला फक्त दमल्यासारखं वाटलं.

"जा," ती आईला म्हणाली. "कपडे घेऊन ये. पातेल्याला हात लावू नकोस."

आई आत गेली, कडी लागली. गंधाली अंगणात गीझरसमोर उभी राहिली. आत नळ सुटल्याचा आवाज आला, ज्योत पेटली. मग आतला आवाज बारीक झाला, एकदम बारीक, आणि ज्योत विझली.

"आई."

"काय?"

"नळ बारीक केलास."

"न्हाई केला."

"ज्योत विझली ना इथे. पूर्ण सोड."

"आधीचं पाणी गारच येऊन राह्यलं. वाया चाललंय सगळं."

"दुसऱ्या बादलीत धर."

कडी निघाली, दार किलकिलं झालं आणि आईच्या ओल्या हाताने एक अर्धी भरलेली बादली बाहेर सरकवली. "कुंड्यांना घाल. कढीपत्त्याला जास्त घाल. आणि उद्यापासून इथं एक बादली ठेवत जाईन मी, गार पाण्याची."

"ठेव."

दार लागलं. गंधाली थांबली. आतून काही ऐकू येत नव्हतं. आई नळावर हात ठेवून उभी असणार, हे तिला न बघता दिसत होतं.

मग नळ सुटला. पूर्ण सुटला. टक-टक, भप्प, ज्योत उठली आणि बादलीत पाणी कोसळायला लागलं, त्या घरात कधीच न ऐकलेल्या आवाजात.

तेवढ्यात गंधालीचा फोन वाजला. अपूर्व. आज रात्रीची गाडी, परतीच्या तिकिटांचं विचारायला केला असणार. तिने तो लगेच उचलला नाही. काचेत ज्योत एकसारखी जळत होती. आत बादली भरत चालली होती. काठाशी आल्यावर पाण्याचा आवाज बदलतो तसा तो बदलला, नळ बंद झाला, ज्योत विझली. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला.

तेव्हा तिने फोन उचलला.

"आई आंघोळ करतीये," ती म्हणाली. "पातेलं फळीवर आहे. तू ये उद्या, जेवायलाच ये. पण परतीचं तिकीट एकच काढ."